पंपाखालचं भोक

४ सप्टेंबर

मामा,

तू लग्नात दिलेली मोटरसायकल गळते आहे. हे तुला सांगायला मला आठवडा लागला. दुकान बंद करण्याआधीचं ते तुझं शेवटचं काम, आणि इंजिन खोलून पुन्हा भरताना तू कुणाला जवळही येऊ दिलं नव्हतंस. फोन केला असता, पण तुझ्या कानांवर पस्तीस वर्षं हातोडे पडलेत. मी विचारते एक आणि तू भाषण देतोस दुसऱ्यावर. म्हणून पत्र.

रोज सकाळी इंजिनाखाली फरशीवर कोटाच्या बटणाएवढा हिरवा डाग असतो. सुरुवातीला मी तो पुसून टाकायची. मंगळवारी खाणवस्तीवर जाताना चौथ्या वळणावर लाल दिवा लागला आणि गाडीतून गरम वाफ यायला लागली. पाठीवर लसींची पेटी. गाडी कडेला लावली आणि चालत निघाले. दोन तास उशीर झाला, पेटीतला बर्फ विरघळायला आला होता. वर सात गरोदर बायका शाळेच्या पायऱ्यांवर सकाळपासून बसून होत्या. एकीने मला पाणी दिलं. मी तिची नाडी बघायची, तर तीच माझी बघत होती.

घरात सध्या मी आणि अण्णा, दोघंच. हे बोटीवर आहेत, मार्चपर्यंत यायचे नाहीत. माझे सासरे तुला आठवत असतील; लग्नात सगळे जेवत असताना हॉलमधला टपकणारा नळ दुरुस्त करत बसले होते तेच. पाणीपुरवठ्यात एकतीस वर्षं फिटर होते. गाडी दारात आली त्या दिवशी ते एकच वाक्य बोलले, "बसने नाही का जाता येणार?" वर बस जात नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. त्यानंतर गाडीचा विषय नाही.

इथे मेकॅनिक एकच, तोही ट्रकवाला. आजारी कोंबडीकडे बघावं तसं त्याने माझ्या गाडीकडे बघितलं.

काय करू?

भिंगरी


६ सप्टेंबर

भिंगरी,

आधी माझा नियम. माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी वही पुढे करायचो आणि म्हणायचो, लिही. मोठमोठे लोक चिडायचे. पण तोंडाने बोलताना माणूस निदान सांगतो, लिहायला बसला की लक्षण सांगतो. जगातले निम्मे घोटाळे लक्षणाच्या जागी निदान लिहिल्याने झालेत. मी इंजिनाबद्दल बोलतोय, पण तुला हवं तर राज्यकारभाराबद्दल समज. तेव्हा "गळते आहे" हे मला नको. कुठून, कधी, किती, कसला वास, ते हवं. फोटो पाठवू नकोस. फोटोला वास येत नाही.

गाडी गार असताना तिच्याखाली जुना पेपर अंथर. डाग कुठल्या बाजूला पडतो त्याभोवती पेन्सिलीने गोल काढ. मग रबरी नळ्यांच्या टोकांच्या क्लिपा बघ, सैल असतील तर पेचकसाने अर्धा फेरा आवळ. रेडिएटरच्या जाळीवर कुठे हिरवा-पांढरा क्षार साचलाय का ते बघ. त्याच्या झाकणाचा रबर बघ. गाडी गरम असताना ते झाकण उघडलंस तर तू माझी भाची नाहीस. चेहऱ्यावर उकळतं पाणी घेऊन मेकॅनिक होता येत नाही, मी दोघांना बघितलंय. बाजूला पांढरी प्लास्टिकची जादा टाकी आहे, तिच्यावर दोन रेघा आहेत. पातळी त्या दोन रेघांमध्ये हवी. रोज लिहून ठेव.

क्लिपच असणार. नव्याण्णव टक्के क्लिपच असते.

आणि तुझ्या सासऱ्यांचं ते एक वाक्य मला आवडलेलं नाही. बाई गाडीवर बसली की अर्ध्या जगाचे टायर पंक्चर होतात. तुला बसमध्ये बसवायला निघालेल्या प्रत्येकाला विचार, वस्तीवरच्या त्या सात जणींनी कुणाची वाट बघायची? मी येऊन विचारलं असतं, पण गुडघा साथ देत नाही.

मामा


१६ सप्टेंबर

मामा,

लक्षणं लिहिते, वहीत लिहितात तशी.

बुधवार, सकाळ. पेपरावर एक डाग. डावीकडे, इंजिनाच्या पोटाखाली, पुढच्या चाकाकडे नाही. वास गोडसर, बोटाला चिकट.

गुरुवार. तसाच, तिथेच. क्लिपा चारही घट्ट. जाळी स्वच्छ. झाकणाचा रबर शाबूत.

शुक्रवार. डाग थोडा मोठा. मी पालथी पडून टॉर्चने बघत होते तर अण्णा मागे येऊन उभे. "कुठनं येतंय?" म्हणाले. "कळत नाही," म्हटलं. हूं म्हणाले आणि गेले. त्या माणसाच्या घरात एकही नळ टपकत नाही, मामा. रात्री दुसऱ्याच्या घरचा नळ वाजला तरी त्यांना झोप येत नाही, असं हे सांगतात.

शनिवार, रविवार मी शिबिरात होते, गाडी घरीच.

सोमवार. पेपर कोरडा.

मंगळवार. कोरडा!

मी काहीच केलेलं नाही. क्लिपा आधीपासून घट्टच होत्या, एकही फेरा बसला नाही. मग थांबलं कसं? गाडी स्वतःच बरी होते का? माणसाचं होतं तसं. पुष्कळ आजार मी पोहोचेपर्यंतच बरे होतात.

आणखी एक. तुझं अक्षर असं का झालंय? "पेचकस" हा शब्द मला तीनदा वाचावा लागला.

भिंगरी


२१ सप्टेंबर

भिंगरी,

थांबलं ना? मग झालं. क्लिपेच्या आत कचरा अडकला असेल, गरम-गार होताना जागेवर बसली. होतं असं. आता तो विषय सोड आणि कामाला लाग. टाकीत वरच्या रेघेपर्यंत ते हिरवं कूलंट भर, साधं पाणी नको. साध्या पाण्याने आतून गंज धरतो आणि उकळायलाही ते लवकर लागतं.

अक्षराचं म्हणशील तर माझ्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. लिहिताना डुगडुगतं. खाली पुठ्ठा घालायचा राहून जातो.

वर गेलीस की त्या बायकांना माझा निरोप दे. म्हणावं, रस्ता मागायचा तर एकेकटीने अर्ज करू नका. सातजणी एकत्र जाऊन साहेबाच्या दारात बसा, आणि सातही जणी एकदम बोला. मी तीस वर्षं दुकान सांभाळून कामगारांसाठी कारखान्यांच्या फाटकांवर बोललो. एकाच्या तोंडून निघतं त्याला तक्रार म्हणतात आणि सातांच्या तोंडून निघतं त्याला बातमी.

मामा


४ ऑक्टोबर

मामा,

माझं डोकं चालेनासं झालंय. तू म्हणालास विषय सोड, पण विषय मला सोडत नाही.

फरशी कोरडी आहे. तीन आठवडे एक थेंब नाही. तरी टाकीतलं कूलंट कमी होतंय. मी नखांच्या लाल रंगाने टाकीवर बारीक रेघ मारली. दोन दिवसांत पातळी रेघेच्या बोटभर खाली. खाली थेंब नाही, वाफ नाही. जातं कुठे?

हे एवढंच असतं तर मी गप्प बसले असते. पण सोमवारी रात्री बोटभर खाली असलेली पातळी मंगळवारी सकाळी रेघेच्या वर होती. मी डोळे चोळले. गुरुवारी पुन्हा खाली, शुक्रवारी सकाळी पुन्हा वर. आणि रंग फिका झालाय. आधी पोपटासारखा हिरवा होता, आता काकडी धुतलेल्या पाण्यासारखा. गाडी पिते आणि परत ओकते, असं काही असतं का? लक्षणच लिहिते आहे, निदान नाही. वेड लागल्याचं निदान तू करू नकोस म्हणजे झालं.

काल चौथ्या वळणावर पुन्हा लाल दिवा. पुन्हा चालत. दवाखान्यातल्या मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. त्या वाईट नाहीत, पण त्यांनाही वरून विचारणारे आहेत. एक नोव्हेंबरपर्यंत गाडी धड झाली नाही तर वरची फेरी बंद, तपासणीला बायकांनी दगडांच्या ट्रकमधून खाली यायचं. सातव्या-आठव्या महिन्यात, मामा, दगडांच्या ट्रकमधून. त्यातल्या एकीचे दिवस नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात भरतात. मला पाणी दिलं तीच.

लवकर लिही.

भिंगरी


७ ऑक्टोबर

भिंगरी,

नीट वाच. दुसऱ्यांदाही वाच.

पातळी आपोआप खाली जाऊ शकते. आपोआप वर जात नाही. आजवर कुठल्याही भांड्यातलं पाणी आपोआप वर गेलेलं नाही. वर नेणारा हात असतो. घरात हात किती? चार. त्यातले दोन तुझे. उरलेल्या दोन हातांनी एकतीस वर्षं पाणी सोडायचं आणि बंद करायचं काम केलंय.

रंग फिका झाला म्हणजे साधं पाणी घातलं जातंय. साध्या पाण्याने गाडी तापते. तापली की तू रस्त्यात अडकतेस. दोनदा-तीनदा अडकलीस की मोठ्या बाई फेरी बंद करतात. मग भिंगरी घरात बसते आणि "बसने नाही का जाता येणार" या वाक्याचा विजय होतो. हे बोलून अडवणाऱ्यांहून वाईट. बोलून अडवतो त्याच्याशी भांडता तरी येतं. न बोलता, कुणी बघत नसताना, चमच्याचमच्याने अडवणाऱ्यांची एक जात मी आयुष्यभर पाहिली आहे. तुझा तो नळवाला त्यातला निघाला याचं मला आश्चर्य वाटत नाही. वाईट मात्र वाटतं.

आजच्या आज गाडी दवाखान्याच्या शेडमध्ये कुलपात ठेव. किल्ली अंगावर. इंजिनाच्या ऑइलची पट्टी काढून बघ आणि ऑइलचा रंग कळव.

मामा


१३ ऑक्टोबर

मामा,

गाडी शेडमध्ये आहे. त्या रात्री मी अण्णांना सांगितलं, गाडी आता घरी आणणार नाही. त्यांनी का विचारलं नाही. मी का सांगितलं नाही. तेव्हापासून घरात आम्ही दोघं असे वावरतोय की चमचा पडला तरी दचकायला होतं.

ऑइल काळं किंवा मधासारखं असायला हवं ना? ते दूध घातलेल्या कॉफीसारखं आहे. पट्टीवर फेस आहे. ट्रकवाल्याला शेडमध्ये आणून दाखवलं. तो म्हणाला, ऑइलमध्ये पाणी उतरलंय, गाडी आता चालू करू नका, नाहीतर आतली सगळी बेअरिंगं जातील. त्याआधी तपासायला त्याच्यासमोर एकदाच पाच मिनिटं चालू केली. गार रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, मागून पांढरा धूर नाही. म्हणजे इंजिनाच्या वरच्या सांध्यातलं गास्केट ठीक आहे, असं तो म्हणतो. मग त्याने विचारलं, "पंप कुणी भरलाय?"

मामा, तुझी तिन्ही पत्रं मी पुन्हा वाचली. क्लिपा, नळ्या, जाळी, झाकण, ऑइलची पट्टी, सगळं आहे. पाण्याच्या पंपाचं नाव एकदाही नाही. डाग डावीकडे पोटाखाली आहे असं मी पहिल्या वहीतच लिहिलं होतं, आणि ट्रकवाला म्हणतो पंप तिथेच असतो. माझ्या गाडीला कधी हात न लावलेल्या माणसाला हे एका मिनिटात सुचलं. तुला का नाही?

आणि आणखी एक गोष्ट. तुझं सातचं पत्र मी टेबलावर ठेवून दवाखान्यात गेले होते. आले तेव्हा ते तिथेच होतं, पण मी तीन घड्या घातल्या होत्या आणि आता दोनच होत्या.

मला कुणाचंच काही कळेनासं झालंय. अठरा दिवस उरलेत.

भिंगरी


१५ ऑक्टोबर

व्याही,

मी भिंगरीचा सासरा. दुसऱ्याचं पत्र वाचू नये. मी वाचलं. तुमची वही ठेवायची पद्धत आधीच्या पत्रात होती, तेही वाचलं, म्हणून तसंच लिहितो.

१३ सप्टेंबर, शनिवार. सूनबाई शिबिराला. मी इंजिनाखाली गेलो. डाव्या बाजूला पंपाच्या पोटाशी बारीक भोक दिसलं. काडी जाईल एवढं. थेंब तिथून येत होता. भोक पुसलं, घासलं, दोन पुड्या एकत्र मळून घट्ट होते ती पुटी भरली. एक दिवस वाळू दिली. गळती बंद.

३० सप्टेंबर. टाकीत पाणी कमी दिसलं. भरलं. पुन्हा कमी झालं. पुन्हा भरलं. सकाळी पाचला, ती उठायच्या आत. नळाचं पाणी. कूलंट वेगळं असतं हे मला माहीत नव्हतं. हिरवा रंग ओळखण्यापुरता घालत असतील, असं वाटलं.

तिला अडवायला केलं नाही. आमच्या गच्चीवरून वरच्या रस्त्याची पहिली चार वळणं दिसतात. ती निघाली की मी गच्चीत जातो. चौथ्या वळणावर गाडी थांबलेली मी दोनदा पाहिली. तिथून पुढे ती पेटी घेऊन चालताना ठिपक्याएवढी दिसते. टाकीत पाणी असलं तर ती थांबणार नाही एवढाच माझा हिशेब.

सांगितलं का नाही, तर सांगायची सवय नाही. आमच्या कामात माणसाला बोलावतात ते गळती बंद करायला. बंद केली की तो निघून जातो. कुणी त्याला बस म्हणत नाही.

एकतीस वर्षांत मी भोक बघितलं आणि बुजवलं. आता एक विचारतो. चांगल्या कारागिराने केलेल्या वस्तूत ते भोक आलं कुठून? कडा साफ होत्या. कुणीतरी मुद्दाम पाडलेलं होतं. कशासाठी?

नळवाला


२० ऑक्टोबर

व्याहीबुवा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. "नळवाला" हा शब्द मी लिहिला तेव्हा मला तो शिवी वाटत होता. तुम्ही त्याखाली सही केलीत. आता तो मला परत घेता येणार नाही, म्हणून माफी मागतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ते भोक गळण्यासाठीच असतं.

पंपाच्या दांड्यावर दोन सील असतात. एक पाण्याला अडवतं, दुसरं ऑइलला. दोघांमध्ये थोडी मोकळी जागा ठेवतात आणि तिला खालून हे भोक पाडतात. पाण्याचं सील खराब झालं तर पाणी त्या भोकातून बाहेर पडावं, ऑइलकडे जाऊ नये, आणि मालकाला फरशीवर थेंब दिसावा. तो थेंब म्हणजे बिघाड नव्हे, बिघाडाची खबर. तुमच्या धंद्यात थेंब हा शत्रू, आमच्यात तो खबऱ्या. तुम्ही भोक बुजवलंत, बाहेर जायची वाट राहिली नाही, पाणी दुसऱ्या सीलमधून ऑइलमध्ये शिरलं. तुमच्या जागी मी असतो आणि ती पाण्याची मुख्य लाइन असती, तर मीही हेच केलं असतं.

पण ती खबर तुमच्याआधी मी दाबली होती.

ते सील मी बसवलंय. सील दाबताना अगदी सरळ दाबायचं असतं, केसभरही तिरकं चालत नाही. माझा हात थरथरतो. दोन वर्षं झाली. दुकान त्यासाठीच बंद केलं, गुडघ्याचं कारण सांगून. भाचीची गाडी मात्र दुसऱ्याच्या हातात द्यायची नव्हती. सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि सील बसवलं. ते तिरकं बसलं. मी पाहिलं. काढून दुसरं बसवायला हवं होतं, पण पुन्हा हात थरथरला असता, आणि मग मला बाहेर जाऊन कुणाला तरी हाक मारावी लागली असती. मी वरून झाकण लावलं. त्याच गाडीवर तिला घाटात पाठवलं.

तिचं पहिलंच पत्र आलं, "गळते आहे", तेव्हाच मला कळलं कुठून ते. मी तिला क्लिपा बघायला लावल्या. जाळी बघायला लावली. गळणं थांबलं म्हणाली तेव्हा मी फाशीवरून सुटल्यासारखा "विषय सोड" म्हणालो. मग तुमच्यावर भाषण ठोकलं. ज्याचा दोष उघडा पडायची वेळ येते तो सगळ्यात मोठ्याने बोलतो, हे मी इतरांबद्दल फाटकांवर कितीदा सांगितलंय. टेबलाचे चारही पाय सारखे आहेत.

हे पत्र तिला वाचायला द्या. मी स्वतः लिहिणार होतो. हिंमत झाली नाही.

पार्सलमध्ये दोन्ही सीलं दोन-दोन पाठवतोय, एकेक चुकायला. पंपाचं नवं गास्केट आहे. कृती वेगळ्या कागदावर आहे, आकृत्यांसह; रेघा वाकड्या आहेत, माप बरोबर आहे. काम तुम्ही करा. ट्रकवाला धसमुसळा असतो.

तुमचा हात स्थिर आहे का, ते लिहून कळवा.

तुमचा व्याही


३० ऑक्टोबर

मामा,

तुझं पत्र अण्णांनी माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि गच्चीत निघून गेले. मी वाचलं. मग वर जाऊन त्यांनाही सांगितलं आणि आता तुलाही सांगते, मी दोघांवरही रागावले आहे. दोन म्हातारी माणसं, दोघांनाही माझी काळजी, आणि दोघांपैकी एकाच्याही तोंडून एक सरळ वाक्य निघू नये? मी चौथ्या वळणावर उभी होते तेव्हा तुम्हा दोघांना कारण ठाऊक होतं. अर्धं त्यांना, अर्धं तुला. मी एकटीच होते जिला काहीच ठाऊक नव्हतं, आणि गाडी मीच चालवत होते.

हे लिहून झालं. आता काम.

पार्सल परवा आलं. अण्णांनी कृती दोनदा वाचली, तिसऱ्यांदा मला मोठ्याने वाचायला लावली. शेडमध्ये चादर अंथरली. काढलेला प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्यावर, जिथून निघाला त्या जागी टोचून ठेवला. ही त्यांची पाण्याच्या लाइनवरची सवय. ऑइल काढलं तर बादलीत कॉफीच आली. पंपाचं झाकण उघडलं. आतलं चक्र निघालं. भोकातली पुटी त्यांनी शिवणाच्या सुईने कणाकणाने काढली, पाऊण तास. मी म्हटलं, ड्रिल आणू? म्हणाले, "भोक मोठं व्हायला नको. जेवढं होतं तेवढंच पाहिजे."

जुनं सील निघालं. मामा, ते खरंच तिरकं होतं. एका बाजूला घासून चकाकत होतं. अण्णांनी ते उजेडात धरलं, बराच वेळ बघितलं आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं.

मग नवं. तू लिहिलंस तशी दाबायला सीलच्या मापाची पान्याची गोटी लावली, सीलच्या तोंडाला बोट लागू दिलं नाही. ऑइलचं सील एकदम बसलं, मग पाण्याचं पहिलं. त्यांनी मोजपट्टी लावून चारही बाजूंनी बघितलं. मला दिसत नव्हतं, पण त्यांना दिसलं. "केसभर आहे," म्हणाले. ते काढलं. काढलेलं पुन्हा बसवता येत नाही, म्हणजे आता पाण्याचं एकच सील उरलं. त्यांनी हात धुतले, पुसले, माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, तू धर. एकट्याचं काम नाही हे."

मी पंप दोन्ही हातांनी धरला. त्यांनी दाबलं. आवाजही झाला नाही. पट्टी लावली, चारही बाजूंनी.

सरळ होतं.

ऑइल नवं घातलं, पाच मिनिटं चालवून फेकलं, पुन्हा नवं घातलं. दुसऱ्यांदा मधासारखा रंग आला. कूलंट भरलं, नळ्या दाबून हवा काढली. गाडी आज घरी आणली. खाली पेपर आहे. मोठ्या बाईंना सांगितलंय, परवा सकाळी वर जाऊन येते, मग ठरवा.

त्यांच्या हाताचं तू विचारलं होतंस ना. स्थिर आहे. पण पत्राचं उत्तर ते स्वतः लिहिणार आहेत म्हणे.

भिंगरी


२ नोव्हेंबर

व्याही,

काल सकाळी साडेसातला ती निघाली. मी गच्चीत होतो. तिला सांगून गेलो होतो. तिने खालून हात केला.

पहिलं वळण. दुसरं. तिसरं. चौथ्यावर गाडी थांबली नाही. पुढचं इथून दिसत नाही.

दुपारी तीनला परत. मोठ्या बाईंनी फेरी चालू ठेवली. सातजणी तपासल्या. त्यातली एक तिथेच मोकळी झाली, दुपारी बाराला. मुलगी. सूनबाई वेळेवर होती.

आज सकाळी पेपर कोरडा. टाकीतलं कूलंट लाल रेघेवर, रंग हिरवा. मी काही घातलेलं नाही. भोक उघडं आहे. रोज सकाळी टॉर्च लावून बघतो. ती पण बघते. जो आधी उठेल तो वहीत लिहितो.

तुमचं जुनं सील माझ्याकडे आहे. परत पाठवत नाही. येऊन न्या.

हाताचं डॉक्टरला दाखवलंत का? नसेल तर वही घ्या. कधी थरथरतो, किती, कशाने वाढतो, ते लिहा. निदान लिहू नका.

नळवाला